घरी चॉकलेट मार्शमॅलो फाँडंट करताना साखर किती घटवावी, आणि पावसाळ्यात ते टिकेल का?

ओव्हनकाठी (ठाणे) :

नमस्कार. जुलैच्या अखेरीस माझ्या भाचीचा वाढदिवस आहे. तिच्यासाठी ८ इंची चॉकलेट केक करून त्यावर गडद तपकिरी फाँडंटचे (साखरेच्या मऊ, लाटता येणाऱ्या गोळ्याचे) आवरण घालावे, त्यावर झाडाच्या सालीसारख्या रेषा काढाव्यात आणि ढोलीत बसलेले एक घुबड करावे, असा बेत आहे. पांढरे मार्शमॅलो फाँडंट मी घरी करते. त्यासाठी मार्शमॅलोच्या साधारण दुप्पट वजनाची आयसिंग शुगर घेते आणि त्याचा पोत मला व्यवस्थित साधतो. बाजारातले तयार चॉकलेट फाँडंट चाखून पाहिले, तेव्हा त्याला चॉकलेटचा रंग होता, पण स्वाद जवळजवळ नव्हता. मुलांनी आवरण सोलून ताटलीच्या कडेला न टाकता केकबरोबर आवडीने खावे, म्हणून खरे चॉकलेट घालून ते घरीच करण्याची माझी इच्छा आहे.

माझ्या शंका अशा आहेत. पांढऱ्या फाँडंटच्या कृतीत नुसती कोको पावडर मिसळावी की वितळवलेले चॉकलेटही घालावे, आणि त्यानुसार साखर किती कमी करावी? घरातली काही मंडळी पूर्ण शाकाहारी आहेत, तर जिलेटिन नसलेले मार्शमॅलो चालतील का? शिवाय ठाण्याच्या पावसाळी हवेत हे आवरण आदल्या दिवशी घालून ठेवावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कोकोबी (पुणे) :

तुमचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचेच उत्तर विस्ताराने देते. पांढऱ्या फाँडंटच्या कृतीत नुसता कोको वाढवून चॉकलेट फाँडंट नीट होत नाही, कारण कोको आणि चॉकलेट हे दोन्ही घटक गोळ्याचा ओलावा आणि घट्टपणा बदलून टाकतात. कोको पावडरमध्ये स्टार्च आणि तंतू असल्यामुळे ती पाणी शोषून घेते. चॉकलेटमधले कोको बटर गरम असताना पातळ असते, पण खोलीच्या तापमानाला आले की गोठू लागते. परिणामी कोमट असताना जो गोळा सैल आणि चिकट वाटतो, तोच दुसऱ्या दिवशी पुरेसा घट्ट झालेला असतो. पांढऱ्या फाँडंटच्या सवयीने, हाताला चिकटणे पूर्ण थांबेपर्यंत साखर घालत गेल्यास तो रात्रभरात इतका कडक होतो की केकवर पसरताना कडांवर फाटतो.

तुमच्या केकसाठी मी २५० ग्रॅम मार्शमॅलो, दीड मोठा चमचा पाणी, १०० ते ११० ग्रॅम डार्क चॉकलेट, एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज (ग्लुकोजचा दाट, पारदर्शक पाक), २५ ग्रॅम कोको, चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला घेईन. आयसिंग शुगर ४०० ग्रॅम मोजून जवळ ठेवावी, परंतु ती सगळी घालण्याचा आग्रह धरू नये. तुमच्या नेहमीच्या प्रमाणाने २५० ग्रॅम मार्शमॅलोला ५०० ग्रॅम साखर लागली असती. इथे ३५० ग्रॅमच्या आसपास हात थांबवावा लागतो. साखर आणि कोको एकत्र चाळून घ्यावेत, नाहीतर कोकोच्या गुठळ्या लाटताना फुटतात आणि आवरणावर काळे ओरखडे उमटतात.

मार्शमॅलो आणि पाणी काचेच्या मोठ्या भांड्यात घेऊन मायक्रोवेव्हमध्ये ३०-३० सेकंद तापवावे आणि प्रत्येक वेळी ढवळावे. चॉकलेट वेगळे वितळवून, ते गरम असतानाच ग्लुकोजसह या मिश्रणात घालावे. थंड झालेले चॉकलेट घातले तर ते लगेच गोठून त्याचे बारीक कण राहतात, आणि ते कितीही मळले तरी जात नाहीत. मिश्रण एकजीव झाल्यावर साखर-कोकोचा दोन तृतीयांश भाग चमच्याने मिसळावा, मग ओट्याला आणि हातांना भरपूर शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) लावून उरलेला भाग थोडा थोडा घालत मळावे. पुरणपोळीची कणीक आपण जशी सैलसर ठेवून तिंबतो, त्याच बेताला इथे थांबायचे आहे. गोळ्याला वरून शॉर्टनिंगचा हात लावावा, तो क्लिंग फिल्ममध्ये दोनदा घट्ट गुंडाळून हवाबंद पिशवीत घालावा आणि रात्रभर फ्रिजबाहेरच ठेवावा. दुसऱ्या दिवशी घट्ट वाटल्यास पाच-सात सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवून पुन्हा मळावे. हा मुरण्याचा वेळ कृपया टाळू नका, कारण साखरेला ओलावा सगळीकडे सारखा पोहोचायला तेवढा अवधी लागतोच.

साखरपाक (नाशिक) :

कोकोबी यांनी सांगितलेले प्रमाण आवरणासाठी उत्तमच आहे. घुबडासाठी मात्र मी वेगळा गोळा करण्याचा सल्ला देईन. चॉकलेट घातलेला गोळा त्यातल्या स्निग्धांशामुळे बराच काळ मऊ राहतो, त्यामुळे उभी आकृती आपल्याच वजनाने बसण्याची शक्यता असते. तिथे नुसता कोको घातलेले मार्शमॅलो फाँडंट जास्त उपयोगी पडते, कारण ते लवकर सुकते. आवरणात जो दोष ठरतो, तोच आकृतीच्या बाबतीत गुण असतो. पाव किलो फाँडंटमध्ये एक सपाट छोटा चमचा टायलोज किंवा सीएमसी पावडर (दोन्ही फाँडंट लवकर कडक करणाऱ्या) मळून, गोळा गुंडाळून काही तास ठेवावा आणि मग घुबड घडवावे. ते तीन-चार दिवस आधी करून उघड्या, कोरड्या जागी सुकू द्यावे. डोळ्यांच्या बाहुल्यांसाठी आणि चोचीच्या सावलीसाठी काळा रंग लागेल, तोही याच तपकिरी गोळ्यात मिसळावा. पांढऱ्या फाँडंटला काळे करायला इतका रंग ओतावा लागतो की ते कडवट होते आणि जिभा काळ्या पडतात. गडद तपकिरी गोळ्याला मात्र थोडाच रंग पुरतो.

साखरेबद्दल एक आग्रहाची सूचना करतो. घरी मिक्सरवर केलेली पिठीसाखर कितीही बारीक वाटली तरी तिचे कण दाताखाली येतात. आयसिंग शुगर त्याहून बारीक असते आणि तिच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात थोडे कॉर्नफ्लोर मिसळलेले असते, त्याचाही मळताना फायदा होतो. साध्या सरबताला किंवा लाडवांना घरची पिठीसाखर चालते, इथे ती वापरू नये.

आवरण किती मोठे लाटावे, याचा हिशेब सोपा आहे. केकच्या व्यासात उंचीची दुप्पट मिळवावी. तुमचा केक ८ इंच रुंद आणि ४ इंच उंच असेल, तर १६ इंचांचे वर्तुळ लागेल, आणि कडेने कापण्यासाठी इंचभर जास्त धरावे. साधारण ४ मिलिमीटर जाडीला त्यासाठी पाऊण किलो फाँडंट लागते, त्यामुळे वरचे प्रमाण पुरेल. लाटताना कॉर्नफ्लोर भुरभुरू नका, त्याचे पांढरे डाग गडद आवरणावर उठून दिसतात. त्याऐवजी कोको पावडर वापरावी किंवा ओट्याला शॉर्टनिंगचा हात लावून त्यावर लाटावे.

निंबोणी (सांगली) :

शाकाहाराचा प्रश्न मागे पडू नये, म्हणून लिहिते. जिलेटिन प्राण्यांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात, हे आपल्याकडे अनेकांना अजूनही ठाऊक नसते आणि केक कापल्यावर एखाद्या आजींना ते समजले की त्यांचे मन फार दुखावते. त्यामुळे मार्शमॅलोच्या पाकिटावरचे चिन्ह आणि घटकांची यादी दोन्ही पाहावीत. हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहारी आणि तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जुन्या वेष्टनांवर तपकिरी वर्तुळही असे.

परंतु हिरव्या चिन्हाचे मार्शमॅलो मिळाले म्हणून काम भागत नाही. जिलेटिन शरीराच्या उष्णतेलाच वितळते, म्हणून मार्शमॅलो चटकन पातळ होतात आणि थंड झाल्यावर गोळ्याला लवचिकपणा देतात. शाकाहारी मार्शमॅलोमध्ये कॅराजीनन किंवा अगार (समुद्री शेवाळापासून काढलेले, गोठवणारे पदार्थ) वापरलेले असते. अगार एकदा गोठले की पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. असे मार्शमॅलो तापवल्यावर रबरी लगदा होतो किंवा आकार न सोडता कडेने करपू लागतात, आणि त्यांच्यापासून केलेले फाँडंट ताणल्यावर तुटते.

म्हणून तुमच्या घरासाठी मी दुसरा मार्ग सुचवते. हिरवे चिन्ह असलेले तयार पांढरे किंवा तपकिरी फाँडंट घ्या आणि घरी मॉडेलिंग चॉकलेट (कणकेसारखे मळून आकार देता येणारे चॉकलेट) करून ते समप्रमाणात एकत्र मळा. मॉडेलिंग चॉकलेटसाठी २०० ग्रॅम डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती स्निग्धांश असलेले चॉकलेट) वितळवून किंचित कोमट होऊ द्यावे, त्यात तितकेच कोमट केलेले ८० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज घालावे आणि स्पॅच्युलाने हलक्या हाताने परतावे. मिश्रणाने भांड्याच्या कडा सोडल्या की ताबडतोब थांबावे, कारण जास्त घोटल्यास स्निग्धांश वेगळा होऊन तेल सुटते. हा गोळा चपटा करून गुंडाळून रात्रभर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी थोडा थोडा तोडून हाताच्या उबेने मऊ करत फाँडंटमध्ये मळावा. फाँडंटमुळे ताण मिळतो, चॉकलेटमुळे स्वाद येतो, आणि सालीच्या रेषा तर यावर मार्शमॅलो फाँडंटपेक्षाही सुबक उमटतात.

ओव्हनकाठी (ठाणे) :

सर्वांचे मनापासून आभार. निंबोणीताई, जिलेटिनचे कारण तुम्ही इतके स्पष्ट सांगितले की आता निर्णय घेणे सोपे झाले. आवरण तुमच्या पद्धतीने करीन आणि साखरपाक यांच्या सूचनेप्रमाणे घुबड वेगळ्या गोळ्याचे करीन. फक्त त्यासाठीही तेच शाकाहारी तयार फाँडंट घेऊन त्यात कोको आणि टायलोज मळीन. आता राहिला प्रश्न आतल्या थराचा आणि हवेचा. आमच्याकडे सगळ्यांना व्हिप्ड क्रीम आवडते. फाँडंटखाली ते चालेल का, आणि तयार केक फ्रिजमध्ये ठेवावा का?

कोकोबी (पुणे) :

फाँडंटला थेट लागून व्हिप्ड क्रीम नको. आवरणातली साखर त्यातले पाणी ओढून घेते, आवरण आतून विरघळू लागते आणि काही तासांत खाली घसरते. केकच्या दोन थरांच्या मध्येही ते पातळच ठेवावे आणि कडेने गनाशची (चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट मिश्रणाची) भिंत घालावी. जुलैच्या दमट हवेत मी तर मधल्या थरांतही गनाशच पसंत करेन. बाहेरून लावायच्या गनाशसाठी डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग असे प्रमाण ठेवावे, म्हणजे ५०० ग्रॅम चॉकलेटला २५० ग्रॅम क्रीम. ते केकला लावून घट्ट होऊ द्यावे आणि गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कडा सरळ कराव्यात. आवरण घालण्यापूर्वी गनाशवर साखरेच्या पाकाचा अगदी हलका हात ब्रशने फिरवावा, तेवढ्याने फाँडंट त्याला चिकटते. आवरण चांगले दिसणार की नाही, हे बहुतेक वेळा या गनाशच्या थरावरच ठरते, म्हणून तिथे घाई करू नये.

फ्रिजबद्दल सांगायचे तर, साखर हवेतला ओलावा ओढते, आणि थंडगार केक ठाण्यातल्या पावसाळी हवेत बाहेर आणला की त्यावर दव धरते. आवरण चकचकीत आणि चिकट होते, गडद रंगावर ठिपके पडतात. गनाशमध्ये क्रीम असली तरी चॉकलेट आणि साखरेचे प्रमाण जास्त असल्याने असा केक एक रात्र वातानुकूलित खोलीत ठेवता येतो. २० ते २२ अंशांवर एसी लावून केक पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. प्लॅस्टिकचा डबा वापरू नये, त्यात ओलावा कोंडतो. खोलीत एसी नसेल आणि फ्रिजशिवाय इलाज नसेल, तर केक खोक्यासह आत ठेवावा, खोके बाहेरून फिल्मने गुंडाळावे, आणि बाहेर काढल्यावर दोन-अडीच तास ते उघडू नये. मग दव खोक्यावर धरते आणि केक कोरडा राहतो. इतके करूनही वर ओल दिसल्यास बोट किंवा कापड लावू नका. पंख्याखाली ठेवल्यास ती आपोआप उडून जाते, हात लावला की मात्र ठसा कायमचा राहतो.

घुबड केकवर आदल्या रात्री बसवू नये. ते वेगळ्या खोक्यात सिलिका जेलच्या पुडीशेजारी ठेवावे, पुडी त्याला टेकू देऊ नये, आणि पाहुणे येण्यापूर्वी तासभर आधी थोड्या वितळलेल्या चॉकलेटने ढोलीत चिकटवावे.