अनुभव धागा: केटरिंगच्या ऑर्डरी सोशल मीडियावरून कशा येतात, कुठे अडतात

घरगुती फराळापासून 500 पानांच्या लग्नापर्यंत, जे कोणी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेतात त्यांनी इथे लिहावं ही विनंती. 'रोज पोस्ट टाका' हे सगळ्यांना माहीत आहे. काय टाकायचं, किती दिवस आधी, कोणत्या मजकुरासह आणि नेमकं बिघडतं कुठे, ते सांगा. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला उद्या सकाळी वापरता येईल असं हवं.

डोंबिवली, उकडीचे मोदक आणि नैवेद्याची ताटं

मोदकाचा फोटो चाळणी उतरवल्यापासून दोन-तीन मिनिटांत काढायचा. त्यानंतर पारी वरून सुकते, चकाकी जाते आणि कळ्यांच्या टोकांना बारीक भेगा दिसू लागतात. बोटाने तुपाचा हात फिरवला की अजून थोडा वेळ मिळतो. ट्यूबलाइटखाली पांढरी पारी राखाडी दिसते, म्हणून खिडकीशेजारी, बाजूने उजेड येईल असं ताट ठेवा. एक मोदक मोडून आतलं सारण दाखवाच. गिऱ्हाईक पारी किती पातळ आहे ते बघतं.

नैवेद्याच्या ताटाचा फोटो सेल्फी कॅमेऱ्याने काढू नका. काही फोन तो आरशासारखा उलटा साठवतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर उजवीकडे जातात आणि भाजी डावीकडे. ज्यांना पान वाढायचं कळतं त्यांचं लक्ष पहिलं तिथेच जातं, आणि 'यांना नैवेद्य माहीत नाही' असा समज होतो.

ऑर्डर किती घ्यायची ते पोस्ट टाकायच्या आधी ठरवा. एका नारळात साधारण 10 ते 12 मोदक धरतात. सरावलेला हात तासाला 25-30 वळतो. चार बायका, पाच तास म्हणजे 500-600, पण बुकिंग 450 लाच थांबवावं. चतुर्थीला (2026 मध्ये 14 सप्टेंबर) मोदक आरतीच्या आधीच पोचायला हवेत, दुपारी तीनला पोचून उपयोग नाही. 450 झाले की 'बुकिंग पूर्ण' असं स्टेटसला आणि मूळ पोस्टमध्येही लिहा. जुनी पोस्ट फिरतच राहते आणि आदल्या रात्रीपर्यंत फोन थांबत नाहीत.

पुणे, मुंज, साखरपुडा, लग्न (100 ते 600 पानं)

कार्यालयातल्या पानांची चौकशी इन्स्टापेक्षा गूगल मॅपवरून जास्त पक्की येते, कारण तिथे शोधणाऱ्याची तारीख बहुतेक वेळा ठरलेली असते. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलला (मॅपवर दिसणारी धंद्याची नोंद) पैसे पडत नाहीत. मुख्य प्रकार 'केटरर' हाच निवडा. 'रेस्टॉरंट' निवडलं की 'टेबल आहे का' असे फोन येतात. घरून काम असेल तर पत्ता लपवता येतो आणि सेवा देण्याचे 20 पर्यंत भाग लिहिता येतात. नुसतं 'पुणे' लिहू नका. कोथरूड, सिंहगड रस्ता, वारजे असं लिहा. धंद्याच्या नावात 'बेस्ट शाकाहारी केटरर पुणे' असली शेपूट जोडली तर प्रोफाइल बंद पडू शकतं. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. त्यात गल्ली, पाटी, मोठी पातेली-कढया आणि परवाना एकाच सलग चित्रीकरणात यायला लागतं, म्हणून सगळं आधी मांडून ठेवा.

रिव्ह्यू कार्याच्या दुसऱ्या दिवशी मागावा. कार्याच्या दिवशी यजमानाला श्वास घ्यायला फुरसत नसते. नुसतं 'छान जेवण' यापेक्षा 'मुंज, 120 पानं, मसालेभात आणि अळूची भाजी, शेवटच्या पंगतीपर्यंत गरम' असं लिहिलेलं पुढच्याला कामाचं, म्हणून मेसेजमध्येच विचारावं: कार्य कोणतं होतं, पानं किती, काय आवडलं. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणं गूगलच्या नियमात बसत नाही.

कोल्हापूर, घरगुती ऑर्डर, 25 ते 80 माणसं

व्हॉट्सअॅप बिझनेसबद्दल. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र पाठवायची यादी) 256 जण बसतात, पण तुमचा नंबर ज्याच्या फोनमध्ये सेव्ह आहे त्यालाच मेसेज पोचतो. 'पाठवते पण कुणी बघतच नाही' ही तक्रार असते तिचं मूळ बहुतेक इथेच. प्रत्येक डब्यासोबत चिठ्ठी द्या: नंबर, आणि 'हा नंबर सेव्ह करा, सणाचा मेनू पाठवतो'.

'रेट काय?' या प्रश्नाला लगेच आकडा सांगू नये. क्विक रिप्लायमध्ये (आधी साठवून ठेवलेलं उत्तर) हे तयार ठेवा:

'नमस्कार. तारीख आणि जेवणाची वेळ, माणसं किती (लहान मुलं वेगळी), ठिकाण आणि मजला, पंगत की बुफे, वाढपी हवेत का, एवढं कळवा. तासाभरात मेनू आणि दर पाठवतो.'

मजला विचारायचं कारण, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर आमटीचं भरलेलं पातेलं चढवायला दोन माणसं जास्त लागतात. हे नंतर कळलं तर पैसे आपल्या खिशातून जातात.

मेनू नुसता फोटो म्हणून टाकू नका. फोटोतली बारीक अक्षरं आजी-आजोबांना दिसत नाहीत, आणि घरच्या कार्याचा मेनू बहुतेक तेच पक्का करतात. तोच मेनू मजकूर म्हणूनही पाठवा. दराखाली त्यात काय धरलंय ते लिहा: पाणी, पत्रावळी की स्टीलची ताटं, वाढपी, वाहतूक, जीएसटी. 'एवढं वेगळं का लावलं' हा वाद इथेच मिटतो.

ठाणे, बुफे आणि लाइव्ह काउंटर

रील उभी, 15 ते 20 सेकंदांची. पहिल्या दोन सेकंदांत हालचाल हवी: मसालेभातावर पडणारं तूप, पाकात टाकलेली जिलेबी, कोथिंबीर वडी तेलात सोडतानाचा आवाज. तो खरा आवाज ठेवाच. बिझनेस खात्याला चालू सिनेमाची गाणी बहुतेक मिळत नाहीत, आणि बाहेरून जोडली तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो. वाफेने लेन्स धूसर होते, म्हणून कढईच्या थेट वर फोन धरू नये. हातभर लांब, किंचित तिरका धरावा आणि प्रत्येक शॉटआधी सुती कापडाने पुसावा.

बुफेचं चित्रण पाहुणे यायच्या 15 मिनिटं आधी उरकावं. एकदा डाव फिरला की भांड्यांच्या कडा माखतात. पाहुण्यांचे चेहरे, विशेषतः मुंजीतल्या मुलांचे, यजमानाची लेखी परवानगी असल्याशिवाय टाकू नयेत. व्हॉट्सअॅपवरचं 'हो चालेल' पुरतं, पण मागावंच.

इन्स्टाच्या नावाच्या रकान्यात फक्त ब्रँडचं नाव नको. 'केटरर ठाणे' हेही तिथे असू द्या, शोधात तो रकाना धरला जातो.

छत्रपती संभाजीनगर, पैसे देऊन केलेल्या जाहिराती

इन्स्टा-फेसबुकच्या पोस्टखालचं 'बूस्ट' (पैसे देऊन पोस्ट पसरवायचं) बटण घाईत दाबू नका. लाइक दूरदूरून येतात आणि ऑर्डर एकही नाही, असं होण्याचं कारण बहुतेक वेळा ठिकाण नीट न निवडणं हे असतं. अॅड्स मॅनेजरमधून (त्यांचं जाहिराती लावायचं पान) थेट व्हॉट्सअॅप चॅट उघडणारी जाहिरात निवडा आणि आपली गाडी जेवण गरम ठेवून जिथवर पोचते तेवढंच, 10-12 किलोमीटरचं वर्तुळ ठेवा. सुरुवात रोज 300 रुपये, पाच दिवस, एकच जेवण, एकच फोटो. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो तो हिशोबात धरा. आयफोनच्या अॅपमधून बूस्ट केलं तर अॅपलचं शुल्क वर पडतं, त्यामुळे कॉम्प्युटरवरून केलेलं बरं.

ज्या मुहूर्तांना आचारी आधीच गुंतलेत त्या तारखांसाठी जाहिरात कशाला? रिकाम्या तारखाच मजकुरात लिहा. आणि मेसेजला अर्ध्या तासात उत्तर देणारं माणूस घरात नसेल तर जाहिरात लावूच नका. तोवर गिऱ्हाईक आणखी तिघांना विचारून मोकळं होतं.

सातारा, अनारसे आणि कोरडा फराळ

वरच्या मुहूर्ताच्या मुद्द्याला जोडून: अधिक महिन्यात लग्नं नसतात, पण जावयाच्या वाणाला 33 अनारसे लागतात. 2023 मध्ये अधिक श्रावण आला होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. ऐन लग्नसराईत एवढा मोठा खंड पडतो, तर 33 अनारशांचा डबा ही एकच वस्तू लावून धरावी. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, मग पीठ-गूळ मुरायला आठवडाभर. म्हणजे पहिली पोस्ट महिना लागायच्या तीन आठवडे आधी हवी, आणि तांदूळ भिजवायच्या दिवशी बुकिंग बंद. जाळी पडलेल्या बाजूचा जवळून फोटो, खसखस स्पष्ट दिसेल असा, हाच सगळ्यात जास्त विचारणा आणतो.

नागपूर, ऑर्डरच्या नावाखाली होणारी फसवणूक

नंबर जाहीर झाला की हे फोन येणारच, म्हणून सगळ्यांनी वाचा. समोरचा लष्करी अधिकारी असल्याचं सांगतो, 50-60 ताटांची ऑर्डर देतो, भाव करत नाही, मेनूवर एक प्रश्नही विचारत नाही. मग 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' किंवा 'आधी 1 रुपया पाठवून बघा' म्हणतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. आपला क्यूआर आपण पाठवायचा, बँकेत जमा झाल्याचं स्वतः बघायचं, त्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबायचं नाही. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा.

निम्मी रक्कम जमा झाल्याशिवाय किराणा भरू नये. आणि एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) 14 अंकी नंबर इन्स्टाच्या बायोमध्ये, व्हॉट्सअॅपच्या कॅटलॉगमध्ये, बिलावर सगळीकडे असू द्या. सोसायट्या आणि ऑफिसं तो आधी मागतात.

न्यू जर्सी, भारतातून फराळ मागवणारे गट

इथल्या मराठी गटांत दिवाळीच्या फराळाची चौकशी गणपती उठले की लगेच सुरू होते. भारतातली सकाळी साडेसहाची पोस्ट इथे आदल्या रात्री नऊला दिसते, उन्हाळी वेळ चालू असेपर्यंत. पोस्टमध्ये वजन पॅकिंगसह लिहा, प्रत्येक पदार्थाचे घटक आणि बनवल्याची तारीख द्या. चकली हवाबंद पिशवीत घालून कडक खोक्यात, वर-खाली कागदाच्या बोळ्यांनी घट्ट बसवून पाठवा. खोकं हलवल्यावर आत आवाज आला तर ती इथे चुरा होऊन पोचते.

पुणे, पुन्हा एकदा

हिशोबाचं राहिलं. ऑर्डरवहीत एक रकाना वाढवा: 'कुठून कळलं?' मॅप, इन्स्टा, स्टेटस, जाहिरात, ओळखीतून. शेजारी पानांची संख्या आणि अॅडव्हान्स आला की नाही. दर तीन महिन्यांनी बेरीज करा. 40 चौकश्यांतून 2 ऑर्डरी देणारं खातं आणि 6 चौकश्यांतून 4 देणारं खातं तिथेच शेजारी दिसतं, आणि पुढच्या महिन्यात कुणाला वेळ द्यायचा ते वहीच सांगते.