तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय पाहायचं आहे, म्हाताऱ्या बाबांना घेऊन. कोणी जाऊन आलं आहे का?

गावचा_ग्रंथपाल (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. मी गावातलं 'ड' वर्गाचं वाचनालय सांभाळतो. म्हणजे दिवसा वावरात आणि संध्याकाळी पाच ते आठ वाचनालयात. दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं, दर पावसाळ्यात उधई लागणारं एक लाकडी कपाट, आणि पेपर वाचायला येणारे सात-आठ बुढे.

माझे बाबा ७६ वर्षांचे. आबाजी पटवारी होते, त्यांच्याजवळ बसून बाबा मोडी शिकले. धुऱ्याचं भांडण निघालं आणि पेटीतून जुना कागद बाहेर आला की अजूनही लोक आमच्याच ओसरीवर येतात. मागच्या महिन्यात कोणीतरी बाबांना सांगितलं की तिकडे तंजावरात मराठी राजाचं ग्रंथालय आहे आणि मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवले आहेत. तेव्हापासून एकच घोर. "मले एकडाव पाहू दे, मंग मी काही मांगत नाई." त्यांनी आयुष्यात काही मांगितलंच नाही, म्हणून मलाही नाही म्हणवत नाही.

आता विचारतो ते हे, की आपल्यासारख्या साध्या माणसाला आत जाऊ देतात का? पाहायला नेमकं काय मिळते? बाबांचे गुडघे गेलेले आहेत, चालणं किती? आणि कोणत्या महिन्यात जावं? कापसाची वेचणी संपल्याशिवाय मी निघू शकत नाही. भाषेचीही धाकधूक आहे. मला मराठी येते, हिंदी कामापुरती, इंग्रजी पाटी वाचण्यापुरती.

पुलगाव_पॅसेंजर

एवढ्या लांब कायले जाता भाऊ? मुंबईचं एशियाटिक ग्रंथालय पाहा. टाऊन हॉल, १८३३ ची इमारत, समोर जाडजूड खांब, तीस पायऱ्या. पायऱ्यांवर बसून फोटो काढला तरी पैसे वसूल.

गावचा_ग्रंथपाल

तीस पायऱ्या आधी बाबांच्या गुडघ्यांना विचारतो. 😀 पण खरं सांगू, त्यांना इमारत पाहायची नाही, मोडी पाहायची आहे.

जुनी_साखळी (वणी)

मी गेलो होतो, तीन वर्षं झाली. भूकरमापक म्हणून निवृत्त झालो आणि हाती आलेल्या पैशातून पहिला खर्च तोच केला. म्हणून जरा लांब लिहितो, चालवून घ्या.

आधी डोक्यातलं चित्र पुसून टाका. छतापर्यंत पुस्तकं, शिड्या, झुंबरं असं काही दिसत नाही. ग्रंथालय राजवाड्याच्या आवारात एका बाजूला आहे आणि प्रवाशांसाठी त्याचं एक लहानसं संग्रहालय आहे. आपण फिरायचं ते तेवढ्यातच. चाळीस हजारांवर हस्तलिखितं आहेत, ताडपत्रावरची आणि कागदावरची, पण ती आत. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि आपली मराठी. आमची मंडळी बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "एवढंच? ह्याच्यासाठी दोन रात्री गाडीत काढल्या?" मी गप्प बसलो, कारण पहिल्या फेरीत मलाही तसंच वाटलं होतं. मग तिला पाणी पाजलं आणि मी परत आत गेलो.

पण त्याच्या आधीची फजिती सांगतो. आम्ही पोचलो बुधवारी. ग्रंथालय बुधवारी बंद. चूक माझीच, चौकशी न करता तिकीट काढलं होतं. तेव्हा तुम्ही गुरुवारी सकाळी पोचाल असं पाहा. सणाची सुट्टी येते का तेही बघा. जानेवारीच्या मध्यात त्यांचा पोंगल असतो, त्या चार दिवसांत तर जाऊच नका.

बुधवार फुकट गेला म्हणून आम्ही मोठ्या देवळात गेलो, आणि मी म्हणतो ते बरंच झालं. बृहदीश्वराचं देऊळ राजराजा चोळाचं, इ.स. १०१० मध्ये पुरं झालेलं. शिखर दोनशे फुटांच्या वर आहे, ते तुम्हाला कोणीही दाखवेल. मी सांगतो ते वेगळं. देवळाभोवतीच्या कोटाच्या भिंतीवर, नैर्ऋत्येकडे, दगडात मराठी कोरलेली आहे. मोडी नाही, बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी. तंजावरच्या सरफोजी राजानं १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथं कोरून घेतला. भिंतीच्या भिंती भरल्या आहेत. दोन दिवस तमिळ पाट्या पाहून डोळे शिणलेले, आणि अचानक काळ्या दगडावर आपलं अक्षर! आमची मंडळी सातवी शिकलेली. ती भिंतीजवळ गेली आणि पहिलीतल्या पोरीसारखी अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागली. जुनी भाषा, शब्द सलग, अडखळायची, मागे यायची. "शाहाजी… मालोजी…" असं एकेक नाव लागलं की माझ्याकडे वळून पाहायची. एक तमिळ जोडपं लेकराला घेऊन थांबलं आणि ऐकत राहिलं. त्यांना काय कळलं असेल कोण जाणे. बाबांना आधी तिथंच न्या. चालणं आहे, पण सपाट आहे. चपला मात्र बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते. सकाळीच जा.

आता ग्रंथालयातलं. ताडपत्राची पोथी मी जन्मात पहिल्यांदा जवळून पाहिली. वीतभर ते हातभर लांब पट्ट्या, रुंदीला दोन-तीन बोटं, भोक पाडून दोरीत ओवलेल्या, वर-खाली लाकडी फळी. शाईनं लिहीत नाहीत. लोखंडी टोकानं पानावर कोरायचं आणि वरून काजळी चोळायची. मग काळं कोरलेल्या रेघेत बसते, बाकीचं पुसून निघते. आम्ही नकाशावर सुईनं टोचे मारायचो, त्याची आठवण झाली. दक्षिणेची अक्षरं गोल गोल का, तर सरळ आडवी रेघ ओढली की पान शिरेवर फाटते, असं सांगतात. माणसाचं तोंड आणि जनावराचं तोंड शेजारी शेजारी काढलेली ल ब्रं नावाच्या फ्रेंच चित्रकाराची चित्रं आहेत, ती पाहून आमची मंडळी हसली. आमच्या जुन्या साहेबांचं तोंड तिला त्यात सापडलं. चिनी शिक्षांची चित्रंही आहेत, ती पाहून मात्र ती पुढे सरकली.

आणि मोडी. एका काचेखाली मोडीचा कागद होता. मला मोडी अर्धीमुर्धी येते, कामापुरती. पानभर आधी आडव्या रेघा ओढलेल्या आणि त्यांना टांगल्यासारखी अक्षरं, बोरू न उचलता. सुरुवातीचं "श्री" लागलं. पुढे दोन ओळी काहीच लागेना. मग "चक्र" असा शब्द लागला, पुन्हा खाली "चक्र", आणि पुढे आकडे. माझं डोकं चालेना. राजाच्या दरबारात चाकं कायची मोजतात? मग "पणम" दिसलं आणि ट्यूब पेटली. तंजावरचं नाणं! चक्र आणि पणम, जसे आपले रुपये-आणे. म्हणजे मी खर्चाचा हिशेब वाचत होतो. दोनशे वर्षांपूर्वी, आपल्या घरापासून हजारावर किलोमीटर लांब, कोण्या कारकुनानं मराठीत लिहिलेला. मी नकळत काचेवर बोट ठेवून ओळ धरली आणि पहारेकऱ्यानं लांबूनच "सार!" म्हणून आवाज दिला. बोट काढलं, हात मागे बांधले. अर्धा तास त्या एका कागदापाशी होतो. पाच ओळी लागल्या असतील.

बाबांना पूर्ण येते म्हणता, म्हणजे त्यांना अर्धा तास पुरणार नाही.

मोबाईल आमच्या वेळी खिशातच ठेवावा लागला, फोटो नाही. पाट्या तमिळ आणि इंग्रजीत. आतले कागद पाहायचे असतील तर तिथं जाऊन हात जोडून भागत नाही. आधी रीतसर पत्र टाका, आणि ते तुमच्या वाचनालयाच्या छापील कागदावर शिक्का मारून टाका. ग्रंथपालाचं पत्र ग्रंथपालाला. मिळेलच असं नाही, पण मी नुसताच गेलो याची चुटपुट मला अजून आहे.

झाडीचा_नटसम्राट (ब्रह्मपुरी)

काका, लय भारी लिहिलं. माझी भर थोडी. तिथं ग्रंथालयानं छापलेली पुस्तकं विकतात, तो कोपरा चुकवू नका. आपण शाळेत शिकलो, मराठी नाटक १८४३ मध्ये सांगलीला सुरू झालं. पण तंजावरचा शाहजी राजा, गादीवर १६८४ ते १७१२, हा स्वतः मराठीत नाटकं लिहीत होता. म्हणजे दीडशे वर्षं आधी! आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रातभर नाटक चालते, तिथं हे सांगितलं तर लोक म्हणतात, फेकू नको.

दारव्ह्याची_लेक (सध्या चेन्नई)

माहेर दारव्हा, लग्नानंतर बारा वर्षं चेन्नईत. भाऊ, प्रवासाचं मी सांगते.

वर्धा, सेवाग्राम किंवा बल्लारशाहून चेन्नईच्या गाड्या मिळतात. त्या बहुतेक चेन्नई सेंट्रलला येतात आणि तंजावरची गाडी एग्मोरहून सुटते. स्टेशनं वेगळी आहेत, मधे रिक्षानं जावं लागतं. बाबा सोबत आहेत, तेव्हा मधे चार-पाच तास हाताशी ठेवा. एग्मोरहून रात्री तंजावरला जी गाडी जाते तिचं नाव उळवन एक्सप्रेस. उळवन म्हणजे शेतकरी. बाबांना सांगा, आपलीच गाडी आहे. कधी स्टेशनाचं काम निघालं की तांबरमहून सोडतात, तिकिटावर काय छापलंय ते नीट पाहा.

महिना विचारलात. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा इकडे सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर इथला पाऊस, आणि तंजावर कावेरीच्या खोऱ्यात, सगळीकडे पाणीच पाणी. फेब्रुवारी बरा. तोवर तुमची वेचणीही उरकेल. एप्रिल-मेमध्ये येऊ नका. आपलं ४५ डिग्री परवडलं, इथल्या ३८ मध्ये घाम सुकत नाही.

जेवणात तीन वेळा भात येईल. बाबांना भाकर लागत असेल तर दशम्या बांधा, आणि जवसाची चटणी भरपूर घ्या. ताकभातावर टाकून दिली की ते काही म्हणणार नाहीत. भाषेची भीती बाळगू नका. तंजावरात जुनी मराठी घरं अजून आहेत, घरात मराठीच बोलतात. कानाला वेगळी लागते, मधे तमिळ शब्द, पण समजते.

गावचा_ग्रंथपाल

सगळ्यांचे आभार. काकांचं उत्तर मी बाबांना ओसरीवर वाचून दाखवलं. चक्र आणि पणमपाशी त्यांनी मला थांबवलं आणि दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्याले पाचच ओळी लागल्या? मी पान काढतो." (काका, राग मानू नका, बुढ्याचा स्वभाव आहे.)

एक विचारायचं राहिलं. राजाला एवढा पुस्तकांचा नाद कसा काय? आणि तिथं उधईचं काय करतात? माझं लाकडी कपाट अजून तसंच आहे. डांबर गोळ्या टाकतो, कडुलिंबाचा पाला टाकतो, उधई त्याच्यावरून जाते.

जुनी_साखळी (वणी)

राग कसला. पान काढलं तर मला फोन करून सांगा म्हणावं, मी पेढे आणतो.

राजाचं असं आहे. पोथ्या जमवायला भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या वेळेपासूनच सुरुवात होती. १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावर घेतलं आणि तो संग्रह भोसल्यांकडे आला. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तह करून राज्य काढून घेतलं. त्याच्या हाती किल्ला आणि इंग्रजांचा तनखा उरला. असा माणूस दारूत बुडाला असता. हा पुस्तकांत बुडाला. लहानपणी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेला, त्यामुळे विलायतेहूनही पुस्तकं मागवायचा. काशीयात्रेला गेला तर येताना पोथ्या घेऊन आला. छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. १८३२ मध्ये वारला. १८५५ मध्ये त्याचा मुलगा वारला, वारस नाही, उरलंसुरलंही गेलं. पोथ्या मात्र राहिल्या, आणि १९१८ पासून सगळ्यांना खुल्या झाल्या. म्हणजे कागदोपत्री ते तुमच्यासारखंच सार्वजनिक वाचनालय आहे.

उधईचं मी तिथं विचारलं नाही, मुदलात सुचलंच नाही. दक्षिणेत पोथ्यांच्या कपाटात वेखंडासारख्या उग्र वासाच्या वस्तूंची पुरचुंडी ठेवायची जुनी पद्धत आहे आणि ताडपत्राला गवती चहाचं तेल लावतात. पण तुमचं दुखणं वेगळं आहे. उधई जमिनीतून येते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि पायांखाली डबे ठेवून त्यात जळकं ऑईल भरा. आमच्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही हेच करायचो.

गावचा_ग्रंथपाल

जळक्या ऑईलचं उद्याच करतो. ट्रॅक्टरवाला शेजारीच आहे.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला आहे, गुरुवारी पोचायचं. पत्र लिहायला घेतलं, शिक्का सापडला, शाईची गादी वाळली आहे. बाबांनी पेटीतून आबाजींचं पितळी दांड्याचं भिंग काढून धोतराच्या सोग्यानं पुसून ठेवलं. ते आत नेऊ देतील का हो काका?

जुनी_साखळी (वणी)

नेऊ देतील. फक्त काचेवर टेकवू नका म्हणावं.