उद्याची शस्त्रपूजा आणि बाबांची खुकरी

बी ३०४: उद्या खंडेनवमी. शस्त्रपूजा सकाळी ९ वाजता, क्लबहाउसमध्ये. कोणाकडे जुनी तलवार, कट्यार असेल तर जरूर आणा.

सी ५०१: काका, बाबांची खुकरी, म्हणजे गोरख्यांचा वाकडा सुरा, आणू का? ते लष्करात ५ गोरखा रायफल्स या रेजिमेंटमध्ये होते.

बी ३०४: अहो, विचारताय काय! आणाच.

ए १०२: ताई, एक शंका. खुकरी बाहेर काढली की रक्त लागल्याशिवाय परत म्यानात ठेवत नाहीत म्हणे? पूजेला लहान मुलं असतात, म्हणून विचारलं.

सी ५०१: हे फार लोक विचारतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं. तसं काहीही नाही. माझं लहानपण शिलाँगला, ५८ गोरखा ट्रेनिंग सेंटरच्या आवारात गेलं. फॅमिली क्वार्टर्समधल्या मावश्या खुकरीनेच सरपण फोडायच्या, मटण तोडायच्या. नेपाळच्या डोंगरातल्या घरात तिचं काम आपल्या कोयत्याचं. म्यानाच्या मागच्या खिशात दोन छोटी पाती असतात. धारेचं ते कर्द, बारीक चिराचिरीला. बोथट ते चकमक, धार नीट करायला.

आणि लढाईतली खुकरी म्हटलं की मला मेजर इयान कार्डोझो आठवतात. बाबांच्याच रेजिमेंटचे, चौथी बटालियन. १९७१ च्या युद्धात सिल्हेटजवळ सुरुंगावर पाय पडला. पायाच्या चिंधड्या झालेल्या, मॉर्फिन नाही. त्यांनी सोबतच्या जवानाला पाय कापायला सांगितलं, त्याचा हात धजेना. मग स्वतःच्याच खुकरीने स्वतःच कापला. पुढे लाकडी पायावर एका बटालियनचं नेतृत्व केलं. हे सांगताना बाबांचा आवाज नेहमी बदलायचा.

ए १०२: बाप रे. हे खरंच माहीत नव्हतं.

डी २०६: ताई, तिकडे दसरा कसा असायचा?

सी ५०१: दशैं! आपल्या दिवाळीहून मोठा. घटात जव पेरतात, त्याचे पिवळे कोंब म्हणजे जमरा. मोठी माणसं दही-तांदळाचा लाल टिळा कपाळभर लावून जमरा कानामागे खोवायची. आई आपट्याची पानं नाहीत म्हणून हळहळायची आणि आम्ही कानामागे कोंब खोवून लाइनभर हुंदडायचो.

बी ३०४: उद्या मुलांना हातात देता येईल का?

सी ५०१: म्यानासकट हो, उपसून नाही. मला बाबांनी दहावी होईपर्यंत उपसू दिली नव्हती. त्यांनी आधी म्यान धरायला शिकवलं: डावा हात पाठीच्या बाजूने, बोटं धारेकडे वळवायची नाहीत. जुनं म्यान धारेच्या बाजूने उकलतं आणि पातं आतूनच बोट कापतं. उपसायची तर मीच उपसेन, मुलं चटईच्या पलीकडे बसू देत.

बी ३०४: ठरलं. हळद-कुंकू, फुलं वाहू.

सी ५०१: हो, फक्त पात्यावर पाणी शिंपडू नका काका, लगेच गंज धरतो. पूजा झाली की मी तिथेच पुसून मोहरीचं तेल लावेन.

ए १०२: आमचा ध्रुव आत्तापासून विचारतोय, चकमक दाखवणार ना?

सी ५०१: दाखवते की. साडेआठलाच घेऊन या त्याला, गर्दी व्हायच्या आत.