मदत हवी आहे: एक्स-प्लेन १२ चं कस्टम सीनरी फोल्डर आवरायचंय, सांबऱ्याचं टर्मिनल दिसेना झालंय

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी, मी बेळगावचा. पीसी आतेभावाचा, तो नोकरीला पुण्याला गेला तेव्हा मला देऊन गेला, त्यात एक्स-प्लेन १२, म्हणजे विमान उडवायचं सिम्युलेटर, सगळं टाकलेलंच होतं. सिम झकास चालतं पण कस्टम सीनरी फोल्डर, म्हणजे बाहेरनं आणलेले एअरपोर्ट आणि जमिनी ठेवायची जागा, उघडलं की खाली खाली जातच राहायचं, संपतच नाही. झिप फाईली तशाच पडल्यात, दाबोळीचा एअरपोर्ट दोनदा आहे, एकात अजून एक त्याच नावाचं फोल्डर, एक विमानपण तिथंच टाकलेलं आहे, आणि "न्यू फोल्डर" नावाची फोल्डरं किती ते विचारू नका.

मागच्या आठवड्यात मी ऑर्थो४एक्सपी (सॅटेलाईटच्या फोटोंवरनं सिमची जमीन बनवणारा प्रोग्रॅम) वापरून आपल्या भागाची +१५+०७४ टाइल, म्हणजे १५ अक्षांश आणि ७४ रेखांशापासनं एक अंशाचा चौकोन, बनवली. खानापूर, जांबोटी, पश्चिमेचा घाट सगळं इतकं खरं दिसायलंय की वरनं नुसतं बघत बसावं वाटतं. पण तेव्हापासनं सांबऱ्याची, म्हणजे आमच्या बेळगावच्या एअरपोर्टची, कस्टम सीनरी गेली. रनवे आहे, रनवेचे लाईट आहेत, पण २०१७ ला सुरू झालेलं ते नवीन टर्मिनल, टॉवर, काहीच उभं नाही, तिथं नुसता सॅटेलाईटचा सपाट फोटो. शिवाय सिम चालू करताना दरवेळी एक मेसेज येतो की काही सीनरी नीट दिसणार नाही, लॉग बघा.

मित्र म्हणायलेत सगळं डिलीट मार आणि नव्यानं टाक. मला ते करायचं नाही. सांबऱ्याची ही सीनरी कुणीतरी स्वतःचा वेळ घालून फुकट बनवलेली आहे, आता तिची डाउनलोड लिंकपण उघडत नाही, एकदा गेली की गेली. डिस्क पण भरत आलीय. तर काहीही न गमावता हे ओळीत कसं लावायचं, काय उडवलं तर चालेल आणि टर्मिनल परत कसं आणायचं, एवढं कुणीतरी सांगा की.

निपाणीकर:
भावा, डिलीट अजिबात करू नको, तुझी सीनरी आहे तिथंच आहे. कस्टम सीनरीमधे सीनरी_पॅक्स.आयएनआय म्हणून फाईल असते, ती नोटपॅडमधे उघड, पण आधी तिची एक कॉपी दुसरीकडं ठेव आणि सिम बंद असू दे. त्यात वरनं खाली जो क्रम आहे तोच एक्स-प्लेन धरतं. नवीन फोल्डर टाकलं की सिम ते आपोआप सगळ्यात वर लिहितं, आणि तुझी टाइल तशीच वर जाऊन बसली असणार. ऑर्थोची टाइल म्हणजे अख्खी जमीनच असते, एका जागेसाठी सिमला एक जमीन सापडली की त्याच्या खालच्या ओळीतल्या वस्तू ते बघतच नाही, पलंगावर वरनं चादर टाकल्यावर खालचं दिसत नाही तसं. रनवेचा डेटा वेगळा वाचला जातो म्हणून रनवे राहिला आणि बिल्डिंगा गेल्या.

क्रम असा ठेव. सगळ्यात वर कस्टम एअरपोर्ट, म्हणजे सांबरा, दाबोळी वगैरे. त्याखाली ग्लोबल एअरपोर्ट्सची ओळ, दोन्ही बाजूला फुली (*) असलेली, तिला हात लावू नको, फक्त तुझे एअरपोर्ट तिच्या वर असू देत. मग लायब्रऱ्या, म्हणजे सीनऱ्यांना लागणाऱ्या वस्तूंचे साठे, त्यांचा क्रम कसाही चालतो. मग ओव्हरले, वाय-ऑर्थो४एक्सपी-ओव्हरलेज नावाचं फोल्डर असेल बघ, रस्ते आणि झाडं त्यात असतात. आणि सगळ्यात तळाला झेड-ऑर्थो वाल्या टाइली. नावाच्या पुढं झेड लावलेला असतो तो त्यासाठीच, आयएनआय नव्यानं बनली तर अक्षरांच्या क्रमानं त्या खाली जाव्यात म्हणून.

दाबोळी दोन आहेत त्यातला एक लगेच उडवायची गरज नाही. ओळीच्या सुरुवातीला सीनरी_पॅक असं असतं, तिथं सीनरी_पॅक_डिसेबल्ड कर, सिम ते फोल्डर सोडून देतं. काही दिवस विमान उडवून बघ, मग ठरव.

हुबळीहून:
अण्णा, वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त मेसेजचं सांगतो. एक्स-प्लेनच्या मेन फोल्डरमधे लॉग.टीएक्सटी असते, त्यात "फेल्ड टू फाइंड रिसोर्स" शोध. त्या ओळीत आधी हरवलेल्या वस्तूचा पत्ता असतो आणि शेवटी कुठल्या सीनरीला ती हवी होती ते. पत्त्याचा पहिला शब्द बघ, ओपनसीनरीएक्स असेल तर ती लायब्ररी नाहीये, ती टाकली की त्याच्या सगळ्या ओळी एका झटक्यात जातात. लोक घाबरून अख्खी सीनरी काढतात, खरं तर एक लायब्ररी कमी असते.

आणि फोल्डरात फोल्डर आहे म्हणालास ना, तिथं "अर्थ नॅव्ह डेटा" नावाचं फोल्डर कुठं आहे ते बघ. ते पहिल्याच पातळीवर असायला पाहिजे. एक पातळी आत असलं तर सिमला ती सीनरी सापडतच नाही, आतलं फोल्डर उचलून बाहेर आण. विमान मात्र एअरक्राफ्ट फोल्डरमधे हलव, इथं त्याचं काही काम नाही.

टिळकवाडीकर:
दादा, आलं!! टाइलची ओळ कापून तळाला टाकली, सिम लावलं, सांबऱ्याचं टर्मिनल, टॉवर, पार्किंग सगळं जागेवर. रनवे ०८ वरनं टेकऑफ घेऊन एक चक्कर मारून परत उतरलो, त्या २३०० मीटरच्या रनवेच्या शेजारी बिल्डिंग उभी बघून लई बरं वाटलं. लॉगमधे दोन लायब्रऱ्या कमी निघाल्या, एक टाकली, दुसरी रात्री टाकतो, सध्या करंट जाऊन येऊन आहे.

आता डिस्कचं राहिलं. लांबच्या टाइली, गुजरात-बिजरातकडच्या, बंद केल्या तर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतील काय?

निपाणीकर:
नाही वाढणार, सिम विमानाच्या आसपासच्याच टाइली चढवतं. जागा हवी असेल तर ऑर्थो४एक्सपीच्या फोल्डरमधे "ऑर्थोफोटोज" बघ. टाइल बनवताना उतरवलेले मूळ फोटो तिथं राहतात, टाइल एकदा तयार झाली की एक्स-प्लेन ते वाचत नाही. तेवढं उडव, माझ्याकडं सगळ्यात जास्त जागा तिथंच अडकली होती. परत तीच टाइल बनवायची झाली तर फोटो पुन्हा उतरवावे लागतील एवढंच. आणि झूम लेव्हल, म्हणजे फोटोची बारकाई, एकानं वाढवलीस की साईझ जवळपास चौपट होते, म्हणून जास्तीची लेव्हल फक्त सांबऱ्याभोवती ठेव, अख्ख्या टाइलला नको.

टाइली दुसऱ्या डिस्कवर ठेवून कस्टम सीनरीत त्यांचा विंडोजचा शॉर्टकट टाकलास तरी चालतं, मी तसंच करतो.

टिळकवाडीकर:
ऑर्थोफोटोज उडवलं, डिस्क मोकळी झाली. अजून एकच, कोल्हापूरला निघालो की काकतीच्या थोडं पुढं जमिनीवर सरळ रेघ दिसते, अलीकडं फोटो आणि पलीकडं साधी जमीन. तिथं १६ अक्षांश लागतो म्हणून असणार. म्हणजे हिडकल, संकेश्वर, तुमची निपाणी आणि कोल्हापूरचा एअरपोर्ट सगळं +१६+०७४ मधेच येतं ना? तुमच्याकडं ती बनवलेली असेल तर झूम लेव्हल किती ठेवलीय ते सांगा, हिडकलचं पाणी बरोबर दिसतंय काय तेपण.