पस्तीस वर्षं दोन चाकं, आता तीन चाकांवर जायचं म्हणतोय. हात ऐकतील का?

जॉबर६१

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, वय ६१. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे माग लावून देणारा-दुरुस्त करणारा म्हणून, नोकरी झाली. गाडीशिवाय एक दिवस गेला नाही. आधी सासऱ्यांची राजदूत, मग सीडी हंड्रेड, आणि २००२ पासून एकच स्प्लेंडर. कार्बोरेटर मीच उघडतो, मीच लावतो.

दिवाळीनंतर मणक्याचं ऑपरेशन झालं. कंबर मोकळी झाली, पण डावं पाऊल घोट्यातून वर उचलत नाही. डॉक्टर त्याला फूट ड्रॉप म्हणतात. दुखत काहीच नाही, हीच त्यातली गंमत. चालता चालता चप्पल सुटते ते कळतसुद्धा नाही. मागे वळून बघावं तर चार पावलांवर पडलेली असते.

स्प्लेंडरचा गिअर पुढे दाबायचा असतो, तेवढं जमतं. टाच मारून उतरवायला मात्र पाऊल उचलावं लागतं, तिथे घोळ होतो. तरी महिनाभर रेटलं. मग एका सकाळी सात रस्त्याला सिग्नलला डावा पाय टेकवला, पंजा आत दुमडला आणि गाडीसकट आडवा झालो. खरचटलं थोडंच. पण चौघांनी मिळून उचललं आणि त्यातला एक पोरगा म्हणाला, "आजोबा, रिक्षा बघू का?" ते जास्त लागलं.

आता दोन रस्ते दिसतात. गिअरलेस स्कूटर घेऊन तिला साइड व्हील, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं, लावायचे, किंवा मागे दोन चाकांचा अॅक्सल टाकलेली खरी ट्राइक करून घ्यायची. जावई बाहेरदेशी असतो. तो हार्ले-डेव्हिडसनच्या ट्राय ग्लाइड या तीनचाकीचे व्हिडिओ पाठवतोय. १८६८ सीसीचं इंजिन आणि साडेपाचशे किलोच्या वर वजन! जावईबापू, आमच्या बोळात ती वळवायला क्रेन लागेल. बघायला छान आहे, एवढंच म्हणतो.

माझे प्रश्न साधे आहेत. अशी गाडी चालवताना नेमकं काय बदलतं? "तीन चाकं म्हणजे पडायची भीती नाही" असं सगळे म्हणतात. पण ज्यांनी कधी चालवली नाही तेच म्हणतात. दर पौर्णिमेला तुळजापूरला जातो, त्या घाटात चालेल का? आणि आरटीओचं काय?

घरातून मत आलंय की आता रिक्षानेच फिरा. ते धरू नका.

होटगीरोड_बे

काका, एवढा खर्च करण्यापेक्षा एक जुनी ऑटोच घ्या की ओ. तीन चाकं येतात, वर छप्पर येतंय, आणि तुळजापूरला जाताना सीटं भरून पेट्रोलचे पैसे पण निघतात 😄

मस्करी केली, राग मानू नका. आमच्या शेजारच्या मावशी साइड व्हीलची गाडी चालवतात. गल्लीत सगळ्यात आधी त्याच पोचतात.

पोलिओवाला

जॉबरकाका, मला लहानपणापासून उजव्या पायाला पोलिओ आहे. एकोणीस वर्षं साइड व्हीलची स्कूटर चालवतोय, ही तिसरी. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारण माझ्यासारख्याला ही गाडी सोपी जाते, तुमच्यासारख्याला अवघड. मी दोनचाकी कधी चालवलीच नाही, त्यामुळे मला काही विसरावं लागलं नाही. तुम्हाला पस्तीस वर्षांचं विसरायचंय.

दोनचाकीवर वेगात असताना आपण हँडल फिरवत नाही, ढकलतो. डावीकडे वळायचं असलं की डावी मूठ नकळत पुढे दाबली जाते, गाडी डावीकडे कलते आणि त्या कलण्यावर वळते. डोक्याला याचा पत्ताही नसतो, हातच करत असतात. साइड व्हीलची गाडी कलतच नाही. तिथे डावी मूठ पुढे दाबली की पुढचं चाक उजवीकडे वळणार आणि गाडी उजवीकडेच जाणार. म्हणजे तुम्ही घाबरून जितकं जास्त दाबाल तितकी ती उलट्या बाजूला जाईल. मुरलेले मोटारसायकलवाले पहिल्या दिवशी ही गाडी गटारात घालतात ते याच्यामुळेच. ज्या बाजूला जायचं त्या बाजूची मूठ स्वतःकडे ओढायची, हे घोकून ठेवा.

दुसरं, गाडी कलत नाही म्हणून अंग कलवायचं. वळणाच्या आतल्या बाजूला खांदा न्यायचा. नाहीतर वळणात अंग बाहेर फेकलं जातं आणि आतलं चाक हलकं होतं. रिक्षा उलटताना बघितलीये ना? तोच प्रकार. पुढे एकच चाक असल्यामुळे वळणात असताना जोरात ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर येतो, आणि तिथे चाकच नसतं. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेकला हात नाही. तुमच्या घाटाचं उत्तर यातच आलं. तीस-पस्तीसने गेलात तर आरामात जाल. स्प्लेंडरवर जसे जात होतात तसे गेलात तर आई तुळजाभवानीचं दर्शन लवकर होईल, पण वेगळ्या मार्गाने.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पाय खाली टेकवायचा नाही. कधीच नाही. थांबताना पाय बाहेर काढायची तुमची सवय आहे, आणि गाडी अजून सरकत असते. मागून बाजूचं चाक येतं आणि घोट्यावर चढतं. तुमच्या त्या पावलाला नीट कळतही नाही म्हणता, मग तर अजूनच जपा. मी सुरुवातीला दोन्ही पाय फूटबोर्डवर ठेवून गुडघ्यांना ओढणीची गाठ मारायचो. लोक हसायचे. हसू दे.

चिंचोळी_फॅब

मी फॅब्रिकेशनचं काम करतो, अशी किट बसवतो पण. म्हणून माझं बोलणं थोडं धंद्याचं वाटेल, तरी सांगतो.

साइड व्हील म्हणजे गाडीचं मागचं मूळ चाक तसंच राहतं आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटं चाक येतं. ओढायचं काम मधलंच चाक करतं. त्यामुळे सगळा खेळ उंचीचा आहे. बाजूची चाकं जास्त खाली बसवली तर खड्ड्यात मधलं चाक अधांतरी राहतं आणि नुसतं फिरतं, गाडी जागची हलत नाही. जास्त वर बसवली तर गाडी डुलते, एकदा या अंगावर, एकदा त्या. आणि बाजूचे आर्म कडक असतील, स्प्रिंग किंवा शॉकअप नसेल, तर चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे क्लॅम्प बसतो तिथेच भेग जाते. मागच्या महिन्यात एकजण अशीच गाडी घेऊन आला. दुसरीकडे कुठेतरी स्वस्तात बसवलेली, आर्म थेट चेसीला वेल्ड मारलेला. सहा महिन्यांत वेल्डच्या कडेने चेसी केसाएवढी फाटली होती. रंगाखाली दिसत नव्हती, बोट फिरवल्यावर लागली. घेताना नुसती चक्कर मारू नका, खाली झोपून बघा.

बहुतेक किटच्या बाजूच्या चाकांना ब्रेक नसतो. वजन वाढलं आणि ब्रेक तेवढाच, तेव्हा थांबायला अंतर जास्त लागणार. मायलेज पण उतरतं.

खऱ्या ट्राइकचं म्हणाल तर मागे अॅक्सल आणि डिफरन्शियल पाहिजे, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. डिफरन्शियल नसेल तर वळताना आतलं चाक घासतं आणि गाडी सरळच जायला बघते. हार्लेने १९३२ पासून १९७३ पर्यंत सर्व्हि-कार नावाची तीनचाकी काढली, ती बनवलीच होती तशी. आपण गल्लीत बसून स्प्लेंडरचा मागचा भाग कापून तसं करायचं म्हणजे गाडी वाया, आणि पासिंगही अवघड. मी असलं काम घेत नाही.

एमएच१३

फॅबवाल्यांनी पासिंगचा विषय काढलाच आहे तर. माझ्या भावाच्या गाडीच्या वेळी हे सगळं फिरून झालंय.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत स्वतःच्या मनाने बदल करता येत नाही. पण दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करून घ्यायची वाट त्याच कायद्यात आहे, त्याला अडॅप्टेड व्हेईकल म्हणतात. आरटीओची परवानगी, गाडीची तपासणी, आरसीवर नोंद. लायसन्सवरही त्या प्रकारची नोंद लागते. परवानगीचा कागद आधी बघा, किट नंतर बसवा. लोक उलट करतात आणि मग खेटे घालतात.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायला घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के लागतात. तुमचे किती धरतात ते वैद्यकीय बोर्डाचे डॉक्टर ठरवतील. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. नाहीतर वेळेला "ही गाडी आम्ही विमा केलेली नाहीच" असं ऐकावं लागेल.

जॉबर६१

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण म्हटलं आधी चालवून बघू. ओळखीच्या एकाने त्याची साइड व्हीलची गाडी तासभर दिली. जुळे सोलापुरात आमच्या मागे मोकळे प्लॉट आहेत, तिथे सकाळी साडेसहाला गेलो, म्हणजे बघायला कोणी नको.

पोलिओवाले, तुमचं सगळं पाठ करून गेलो होतो. ज्या बाजूला जायचं ती मूठ ओढायची. सरळ छान गेलो, वीसच्या वेगाने. पहिलं वळण आलं आणि डाव्या हाताने पस्तीस वर्षांची नोकरी केली, दाबली मूठ पुढे. गाडी शांतपणे उजवीकडे निघाली आणि येड्या बाभळीत शिरली. शर्ट फाटला, गाडीला काही झालं नाही. मालक लांबून बघत होता, तो म्हणाला, "तरी तुम्ही उशिरा घातली. मी तर स्टँडवरून काढल्या काढल्या घातली होती."

मला एक आठवलं. आमच्याकडे माग दोन प्रकारचे असतात, उजव्या हाताचे आणि डाव्या हाताचे. चालू करायचा दांडा कुठल्या बाजूला आहे त्यावरून. वीस वर्षं उजव्यावर उभ्या राहिलेल्या विणकराला डाव्या मागावर घातलं की धागा तुटल्यावर त्याचा हात भलतीकडेच जातो, दांडा सापडतच नाही, आणि तोवर बोटभर कापड वाया गेलेलं असतं. मी त्यांना तेव्हा काय सांगायचो? घाई करू नका, दोन दिवस माग हळू चालवा, हात आपोआप येईल. तेच स्वतःला सांगितलं. चार विटा ठेवल्या आणि त्यांच्यातून इंग्रजी आठचा आकडा काढत बसलो, चालण्याच्या वेगाने. विसाव्या-पंचविसाव्या फेरीला हात ओढायला लागला. मग कोणीतरी कुत्रं आडवं आलं आणि परत दाबली. म्हणजे डोकं विचार करत असेल तोवर ठीक, दचकलो की जुना हात जागा होतो.

अजून दोन गोष्टी, कोणी लिहिल्या नव्हत्या म्हणून. एक, रस्त्याला कडेकडे जो उतार असतो तो स्प्लेंडरवर कधी जाणवलाच नाही. ही गाडी त्या उताराने सारखी डावीकडे ओढते, हँडल धरून ठेवावं लागतं. तासाभरात उजवा खांदा भरून आला. दुसरं, खड्डा चुकवणं. दोनचाकीला एक रेघ लागते, कुठूनही काढता येते. इथे तीन रेघा आहेत. पुढचं चाक वाचवलं की बाजूचं जातंच. आपल्या गावात हे म्हणजे फारच झालं.

पोलिओवाला

दचकल्यावर जुना हात जागा होतो हे बरोबर ओळखलंत. म्हणून पहिले दोन-तीन महिने गर्दीत जायचं नाही. नवी पेठ, मधला मारुती नाव काढायचं नाही. आणि गतिरोधकावर तिरकं चढू नका, सरळच घ्या. दोनचाकीवाले कडेच्या फटीतून काढतात ते बघून आपला हात शिवशिवतो.

पायाचं काय केलंत?

जॉबर६१

पाय दोनदा बाहेर आला. दुसऱ्यांदा चाक चपलेला लागलं, बोटांना नाही. त्या पावलाला कळलं नाही, चप्पल ओढली गेली तेव्हा कळलं. आता बूट घेतलाय, नाडीचा, आणि ओढणी सौभाग्यवतीची. तिने विचारलं कशाला, खरं सांगितलं. पाच मिनिटं बोलली नाही, मग जुनी शोधून दिली.

चिंचोळी_फॅब

काका, परवानगीचा कागद झाला की गाडी घेऊन या, उंची तुम्हाला गाडीवर बसवूनच लावतो. रिकाम्या गाडीवर लावलेली उंची माणूस बसला की बदलते. येताना घरच्या गेटची रुंदी मोजून आणा. लोक हे विसरतात.

होटगीरोड_बे

आणि ऑटोचं डोक्यात ठेवा की ओ काका. मी सीरियसली बोलायलोय.

जॉबर६१

मोजली. गेट ३ फूट १ इंच. ओळखीच्याची गाडी बाहेरून बाहेर ३ फूट ४ इंच. तीन इंचांसाठी गेट तोडायचं की गाडी रस्त्यावर ठेवायची यावर घरात कालपासून चर्चा चालू आहे. गेट सासऱ्यांनी घर बांधताना दिलेलं आहे, त्यामुळे माझ्या मताला वजन नाही.