टसर साडी राखाडी येते, पितळी लोट्यात मीच दिसतो: असाइनमेंटसाठी मदत हवी

पवनीकडचा:
नमस्कार मंडळी. फोटोग्राफी डिप्लोमाच्या दोन असाइनमेंट एकाच महिन्यात आल्या आहेत. फॅशनसाठी करवतकाठी (काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली) टसर रेशमाची साडी, प्रॉडक्टसाठी भंडाऱ्याचा पितळी लोटा आणि बचत गटाचे भिवापुरी तिखटाचे पाऊच. सामान: कॅनन २००डी, १८-५५ किट लेन्स, ५० एमएम, एक मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर, एक पांढरी छत्री. जागा म्हणजे घरची सपरी (ओसरी) आणि मागच्या धानाच्या बांध्या (शेतं).

साडीचा मधासारखा रंग राखाडी येतो, काठावर लाटांसारखी नक्षी उमटते. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभं केलं की मॉडेलच्या हनुवटीखाली हिरवट झाक. लोट्यात तर मी, ट्रायपॉड आणि वरची कवेलू (कौलं), सगळंच दिसतं. छत्री कितीही फिरवली तरी तेच. कुठे चुकतंय?

उजेडवाला_वर्धा:
आधी लोटा, कारण तिथे विचारच उलटा करावा लागतो. पितळेवर लाइट मारायचा नसतो, पितळेला जे दिसतं त्यावर मारायचा. लोट्याचं पोट फुगीर, त्यामुळे त्याला जवळपास अख्खी सपरी दिसते. छत्री फिरवून फक्त छत्रीचा ठिपका सरकतो, बाकीची खोली तिथेच राहते.

म्हणून लोट्याभोवती पांढरी खोली बांधा. दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या शीट, वरून ताणलेला बटर पेपर, समोर पांढरा कार्डशीट आणि त्याला लेन्सपुरतं भोक. फ्लॅश बटर पेपरच्या वरून. अगदी जवळ ठेवला तर मधोमध जळका ठिपका येतो, दीड-दोन फूट वर नेला की उजेड पसरतो. झूम ५५ वर ठेवून चारेक फूट मागे या, म्हणजे भोकाचं प्रतिबिंब बारीक होतं. उरलेला काळा ठिपका एडिटमध्ये काढा.

एवढ्यावर थांबलात तर लोटा प्लास्टिकचा वाटेल. सगळीकडे पांढरंच असल्यामुळे कडा हरवतात. फ्रेमच्या अगदी बाहेर, दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच रुंदीच्या काळ्या कार्डाच्या उभ्या पट्ट्या लावा. त्या पितळेच्या कडेला काळी रेघ होऊन दिसतात आणि लोट्याला गोलाई येते. पट्टी अर्धा इंच सरकवली तरी फोटो बदलतो, वेळ इथेच घालवा.

सेटिंग: आयएसओ १००, एफ ११, शटर १/१२५. एफ २२ वर जाऊ नका, लेन्सचं छिद्र फार बारीक होऊन उजेड पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि कोरीवकाम मऊ पडतं. एक फोटो फ्लॅश बंद ठेवून काढा, तो पूर्ण काळा आला पाहिजे. नाही आला तर खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड मिसळतोय आणि पितळेवर दोन रंग दिसणार. लोटा चिंचेने घासला की लगेच कोरडा करा, पाण्याचे डाग राहतात. नंतर कापडानेच धरा.

झाडीपट्टीतला:
भाऊ, साडीचं माझ्याकडून घ्या. फ्रेमभर टसर असली की ऑटो व्हाइट बॅलन्सला (कॅमेऱ्याच्या आपोआप रंग जुळवण्याला) वाटतं, उजेडच पिवळा आहे, आणि तो साडीचं सोनं काढून टाकतो. मॉडेलच्या हातात ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) देऊन एक फोटो घ्या, बाकी सगळे रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये), त्याच कार्डावरून रंग लावजा. मीटर फिक्कट टसरला अंधारात टाकतो, तं एक्स्पोजर +२/३ स्टॉपपासून सुरू करजा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

काठावरच्या लाटा म्हणजे मोआरे. बारीक वीण आणि सेन्सरच्या पिक्सेलची जाळी एकमेकींत अडकतात. पहिले १०० टक्के झूम करून पाहा, लहान केलेल्या फोटोत खोट्या लाटाही दिसतात. खऱ्या असल्या तर अर्धा फूट पुढे-मागे व्हा किंवा कोन थोडा बदला.

सपरीत छत्री समोरून ४५ अंशावर लावली की टसरचा खरखरीत पोत सपाट होतो. ती बाजूला न्या, ६०-७० अंशावर, आणि दुसरीकडून पांढरी चादर धरा. करवतीचे दात तेव्हाच उठून दिसतात. पूर्ण उभ्या फोटोत छत्री चार फुटांवर नको. चेहऱ्याच्या उंचीवर लावली तरी पायांशी सव्वा स्टॉपहून जास्त अंधार पडतो. नऊ फुटांवर नेली की फरक अर्ध्या स्टॉपच्या आत येतो, पॉवर मात्र दोन स्टॉपहून थोडी जास्त वाढवावी लागेल. ५० एमएमने पूर्ण माणूस घ्यायला पंधरा फूट लागतात. तेवढी सपरी नसेल तर ३५ वर दहा फूट चालतात. १८ वर नका जाऊ, कॅमेराही कमरेच्या उंचीवर ठेवा, नाही तं पाय आखूड दिसतात.

हिरवी झाक धानाचीच. उजेड पिकावरून उसळून खालून येतो. पायाशी, फ्रेमबाहेर, पांढरं धोतर पसरा. (वऱ्हाडातल्या काळ्या मातीत उलट होतं, खालून काहीच उसळत नाही आणि डोळ्यांखाली खड्डे पडतात. उपाय तोच.) चुन्याची भिंत फुकटचा रिफ्लेक्टर आहे, पण चुन्यात नीळ घातली असेल तर चेहरा निळसर येईल.

आणि सकाळच्या वेळा पुण्या-मुंबईच्या व्हिडिओतून घेऊ नका. भंडाऱ्याला सूर्य मुंबईपेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो. पदर उन्हासमोर धरायचा असेल तं तेवढं लवकर उठा.

चिकणी_चौकट:
एवढा तंबू कशाला? सीपीएल (पोलरायझर) फिल्टर लावा, चमक जाईल. पाऊचवर तर हमखास.

उजेडवाला_वर्धा:
पाऊचवर हो, लोट्यावर नाही. प्लास्टिकवरून तिरपी येणारी चमक पोलराइज झालेली असते, म्हणून फिल्टर ती कापतो. उघड्या धातूची चमक तशी नसते. सीपीएल लावून लोट्यावर फक्त दीडेक स्टॉप उजेड गमवाल.

पवनीकडचा:
तंबू जमला, पट्ट्यांनी लोटा खरंच गोल दिसायला लागला. आता तिखट. पाऊचच्या खिडकीतून दिसणारं तिखट नुसता लाल डाग येतोय, कण दिसत नाहीत.

उजेडवाला_वर्धा:
लाल चॅनल फाटतोय, म्हणजे लाल रंग कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडे जाऊन बारकावे पुसले जातायत. साध्या हिस्टोग्रामवर कळत नाही, आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख) लावा. लाल उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक्स्पोजर २/३ स्टॉप कमी करा, पिक्चर स्टाइल न्यूट्रल. पाऊच चुरगळलेला असेल तर आतून पुठ्ठा सरकवून ताणा आणि लाइट मागच्या बाजूने तिरपा घ्या, कणांना सावली मिळेल. हे फोटो पुढे ॲमेझॉनवर टाकायचे असतील तर मुख्य फोटोला मागचा पांढरा २५५, २५५, २५५ लागतो आणि वस्तूने ८५ टक्के फ्रेम भरावी लागते. एका फ्लॅशमध्ये कागद तेवढा पांढरा येत नाही, राखाडीच येतो. तो एडिटमध्ये उचला, पण पाऊचची कड आधी सिलेक्शनने वाचवून.