एक शिकतोय, दुसरा भुंकतोय : थांबणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं? (अनुभव धागा)

घरात दोन कुत्रे असले की एकाची शिकवणी सुरू होताच दुसऱ्याचा आरडाओरडा सुरू होतो. एकाला 'बस', 'थांब', 'ये' शिकवायला घ्यावं, तर दुसरा दारावर उड्या मारतो, कुईकुई करतो आणि मग सलग भुंकत सुटतो. शिकणाऱ्याचं लक्ष उडतं, शिकवणाऱ्याचा आवाज चढतो आणि थोड्याच वेळात तिघंही वैतागतात. शिकणाऱ्या कुत्र्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हा धागा थांबणाऱ्यासाठी आहे. ज्यांचा या कामात हात बसलाय त्यांनी तपशिलात लिहा: अंतर किती, खाऊ किती आणि कधी, कुठे बिघडतं आणि का. 'धीर धरा, होईल' एवढंच नको.

सुरुवात मी करते. आधी ओरडणं कसलं आहे ते ओळखायला हवं, कारण उपाय त्यावर ठरतो. उतावळेपणाचं भुंकणं चढ्या पट्टीत, तुकड्यातुकड्यांत असतं. कुत्रा भुंकतो, थांबून तुमच्याकडे पाहतो, परत भुंकतो. खाऊ पुढे केला तर लगेच घेतो. घाबरलेल्या कुत्र्याचं तसं नसतं. तो धापा टाकतो, लाळ गाळतो, दार किंवा जमीन खरवडतो आणि एरवी जीव टाकतो त्या खाऊकडे ढुंकूनही बघत नाही. अशा कुत्र्याला 'थांबायला शिकवणं' हा इलाजच नाही. आधी एकटं राहण्याची भीती घालवायला हवी. तिसरा प्रकार म्हणजे खालच्या आवाजातली गुरगुर, ताठ अंग आणि शिकणाऱ्या कुत्र्यावर रोखलेली नजर. तो दोन कुत्र्यांमधल्या तणावाचा प्रश्न आहे, तिथे जाणकाराला बोलवा. एरवी शांत असलेला म्हातारा कुत्रा अचानक ओरडायला लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. दुखणं, कमी झालेलं ऐकू येणं किंवा वयाने आलेला गोंधळ यांतलं काहीही असू शकतं.

खाली जे लिहाल ते पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे उतावळ्या कुत्र्याबद्दल, आहे असं धरू.

* * *

थांबणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते दुसरा कुत्रा आसपास नसताना शिकवायचं. बहुतेकांची गाडी इथेच अडते. चटईवर बसणं कधी शिकवलेलंच नसतं, आणि पहिली परीक्षा थेट दुसऱ्याच्या शिकवणीच्या वेळी घेतली जाते.

चटई किंवा जमिनीपासून थोडी उंच, ताणलेल्या कापडाची खाट घ्या. खाटेला स्पष्ट कडा असते, त्यामुळे आत आणि बाहेर यातला फरक कुत्र्याला पायाखाली कळतो. पाय चटईवर पडले की खाऊ चटईवरच ठेवा, हातातून देऊ नका. हातातून दिलं की कुत्रा हाताकडे सरकतो, चटईवर ठेवलं की नाक खाली राहतं आणि तो आपसूक आडवा होतो. आडवा झाला की दर २ ते ३ सेकंदांनी एक दाणा, असे दहा. मग ५ सेकंद, मग १०. पुढे दोन दाण्यांमधला वेळ कायम वाढता ठेवू नका, ५, ३, ८, २, १२ सेकंद असा वरखाली करा. सतत वाढत गेलं तर 'दर वेळी आधीपेक्षा अवघड' हे कुत्र्याच्या लक्षात येतं आणि तो उठून जातो.

वेळ, अंतर आणि व्यत्यय यांतलं एका वेळी एकच वाढवा. एक पाऊल मागे जाणार असाल तर वेळ परत २ सेकंदांवर आणा. तुम्ही दारापर्यंत जाऊन आलात, जागच्या जागी उड्या मारल्यात, जमिनीवर बसलात, खेळणं हलवलंत, हवेत दुसऱ्या कुत्र्याचं नाव घेतलंत, तरी तो चटईवर राहतोय का ते पाहा. हे सगळं एकट्यात जमलं की मगच दुसरा कुत्रा आणायचा. आणल्यावर पहिल्या दिवशी त्याला काहीही शिकवू नका. तो नुसता पट्ट्यावर उभा राहील आणि चटईवरच्याला खाऊ मिळत राहील.

* * *

वरच्या प्रतिसादाला +१. खाऊच्या हिशेबाबद्दल थोडी भर.

सुरुवातीला थांबणाऱ्याला शिकणाऱ्यापेक्षा जास्त खाऊ मिळाला पाहिजे. लोक नेमकं उलट करतात. शिकणाऱ्याला दर कृतीला दाणा आणि थांबणाऱ्याला सगळं संपल्यावर एक. त्या दोघांत अवघड काम कोण करतंय? समोर मजा चालू असताना हलायचं नाही, हे 'बस' पेक्षा कितीतरी अवघड आहे. शिकणाऱ्याला एक, थांबणाऱ्याला दोन, या प्रमाणाने सुरू करा. थांबणारा आपणहून हनुवटी पंजांवर टेकवायला लागला की बरोबरीवर या आणि नंतर हळूहळू कमी करा.

दुसरी गोष्ट वेळेची. भुंकला, 'गप' म्हटलं, गप झाला, खाऊ दिला: यातून कुत्रा गप राहायला शिकत नाही. तो भुंकणे, गप होणे, खाऊ ही पूर्ण साखळी शिकतो, आणि साखळीची पहिली कडी भुंकणं आहे. म्हणून खाऊ भुंकण्याच्या आधी पोचायला हवा. भुंकण्यापूर्वीच्या खुणा ठरलेल्या असतात: उघडं तोंड मिटतं, कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर जातं, नाकातून बारीक आवाज निघतो. तोंड मिटलं त्या क्षणी दाणा पडला पाहिजे. उशीर झालाच आणि तो भुंकला, तर गप झाल्यावर निदान ५ सेकंद जाऊ द्या, त्याच्याकडून चटईवर नाक टेकवण्यासारखं एखादं छोटं काम करून घ्या आणि मग द्या. म्हणजे खाऊ त्या कामाचा ठरतो.

दाणा वाटाण्याच्या अर्ध्याएवढा पुरतो. दिवसभरातला वरचा खाऊ एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत राहावा, असं पशुवैद्य सांगतात. या पद्धतीत दाणे भराभर संपतात, त्यामुळे थांबणाऱ्यासाठी त्याच्या रोजच्या जेवणातलाच वाटा बाजूला काढून ठेवणं उत्तम.

* * *

साधनांबद्दल लिहितो.

जाळीचं गेट: सोपं आणि स्वस्त, पण उतावळा कुत्रा गेटवर पंजे टाकून उभा राहायला शिकला की भुंकणं दुप्पट होतं. अडथळ्यापलीकडे हवी ती गोष्ट दिसणं हेच चिडीचं मूळ आहे. गेटच्या खालच्या अर्ध्या भागावर चादर टाकून पाहा. काही कुत्रे दिसेनासं झालं की शांत होतात, काही जास्त पेटतात. दोन्ही प्रकारे करून बघितल्याशिवाय कळत नाही. चटई गेटला चिकटून ठेवू नका, निदान एक मीटर मागे ठेवा.

पिंजरा, म्हणजे क्रेट: उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल एवढा हवा. वर कापड टाकलंत तर एक बाजू उघडी ठेवा, आत हवा खेळती राहिली पाहिजे. ज्याला क्रेटची सवयच नाही त्याला शिकवणीच्या वेळी पहिल्यांदा आत घालणं म्हणजे एका प्रश्नाचे दोन करणं.

बांधून ठेवणं: पट्टा छातीच्या हार्नेसला, पाठीवरच्या कडीत अडकवा. गळ्याच्या पट्ट्याला नको, कारण झेप घेतली की सगळा झटका मानेवर येतो. लांबी १ ते १.५ मीटर. दुसरं टोक खालच्या, न हलणाऱ्या वस्तूला बांधा. खुर्चीचा पाय चालत नाही. जवळ पायरी, कठडा किंवा उडी मारून लटकता येईल असं काही नको. आणि बांधलेल्या कुत्र्याला नजरेआड करायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

आत खाऊ भरायचं रबरी खेळणं किंवा चाटायची मॅट खूप कामाची. चाटण्याने आणि चघळण्याने कुत्रा सैल पडतो. खेळणं गोठवलं की जास्त वेळ टिकतं. पण ते शिकवणी सुरू व्हायच्या आधी तोंडाशी गेलं पाहिजे. भुंकल्यावर दिलंत तर भुंकण्याची बिदागी दिल्यासारखं होतं. शेंगदाण्याचं लोणी भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल हा गोडवा नाही ना ते वाचा, कुत्र्यासाठी तो विष आहे. आणि शिकणारा कुत्रा त्या खेळण्यापर्यंत पोचू शकणार नाही अशी सोय हवी, नाहीतर खाण्यावरून जुंपेल.

* * *

शब्दांचा घोळ कुणी लिहिला नाही अजून.

'बस' म्हटलं की दोघंही बसतात, कारण दोघांनाही तेच शिकवलंय. मग थांबणारा बसतो, त्याला काही मिळत नाही, आणि तो तक्रार करतो. चूक त्याची नाही. सुरुवातीपासून नाव आधी, आज्ञा नंतर: 'मोती, बस.' दुसऱ्याचं नाव ऐकू आलं की आपण स्वस्थ राहायचं, हेही शिकवता येतं. दुसऱ्याचं नाव घ्या आणि लगेच चटईवरच्याला दाणा द्या, दोनतीनदा नाही, पन्नासेकदा. हळूहळू दुसऱ्याचं नाव हाच त्याच्यासाठी खाऊचा इशारा होतो.

क्लिकर, म्हणजे दाबल्यावर 'टक्' वाजणारी छोटी डबी, वापरत असाल तर एकाच क्लिकरने दोघांचा गोंधळ होतो. टक् झालं म्हणजे खाऊ, हा करार दोघांशीही केलेला असतो. दोन मार्ग आहेत. एक, टक् झालं की दोघांनाही देणे, शिकणाऱ्याला कृतीबद्दल आणि थांबणाऱ्याला जागेवर राहिल्याबद्दल. दोन, शब्दाने खूण करणे, प्रत्येकासाठी वेगळा शब्द. घरात पहिला मार्ग जास्त सोपा जातो.

सुटीचा, म्हणजे आता उठायला हरकत नाही हे सांगणारा, शब्दही नावासकट हवा. नुसतं 'चल' म्हटलंत तर दोघंही उठतात.

* * *

क्लिकरबद्दल थोडं वेगळं मत. थांबणारा फारच तापट असेल तर टक् हा आवाजच त्याला पेटवतो. तिथे पहिले काही दिवस खूण शब्दानेच आणि हळू आवाजात करावी.

* * *

पाळीची अदलाबदल ही या प्रकारातली सर्वात महत्त्वाची जागा, आणि इथे घाई होते.

एक पाळी १ ते २ मिनिटांची. पाच मिनिटं उतावळ्या कुत्र्यासाठी फार मोठी. घड्याळ लावणं जमत नसेल तर दहा दाणे मोजून खिशात घ्या, ते संपले की पाळी संपली. पाळीनंतर चटईवर परत जाणं ही शिक्षा वाटू द्यायची नाही. म्हणून चटईवर आधीच तीनचार दाणे पसरून ठेवा आणि त्याला तिकडे सोडा. नंतरच दुसऱ्याला बोलवा. उलट क्रमाने केलंत, म्हणजे दुसऱ्याला आधी बोलावून मग याला चटईवर ढकललंत, तर पहिल्याच अदलाबदलीत ओरडा सुरू होईल.

कुणाची पाळी आधी? रोज एकच क्रम नको. उतावळ्याला नेहमी पहिला नंबर दिला तर दुसऱ्याच्या पाळीत तो नुसती वसुली करायला बसतो. नेहमी शेवटी ठेवला तर ताण साठत जातो. शिकवायच्या सुरुवातीच्या दिवसांत उतावळा, शांत, उतावळा अशी तीन छोटी सत्रं चालतात. पुढे क्रम मोडा.

पाळी मिळणं हे स्वतःच मोठं बक्षीस आहे. जास्त आवडीचं काम कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं, हे डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेलं तत्त्व इथे चपखल बसतं. चटईवर शांत असतानाच त्याचं नाव घ्या. भुंकत असताना बोलावलंत, एकदाच जरी, तरी भुंकून पाळी मिळते हे तो धरून बसतो. कधीतरी फळणारी सवय दर वेळी फळणाऱ्या सवयीपेक्षा जास्त चिवट असते.

* * *

प्रश्न: सगळं करूनही मध्येच भुंकला तर त्या क्षणी नेमकं काय करायचं?

* * *

रागवायचं नाही, नाव घ्यायचं नाही, वळून बघायचं नाही. तुमचं बघणं हेही त्याला मिळालेलं उत्तर असतं. पण नुसतं दुर्लक्ष करूनही भागत नाही. आजवर भुंकून काम होत आलं असेल, तर दुर्लक्ष सुरू केल्यावर भुंकणं आधी वाढतं आणि मग कमी होतं. वाढलेल्या टप्प्यात कंटाळून दार उघडलंत तर 'आणखी जोरात भुंकावं' हा धडा पक्का होतो.

त्यामुळे हे वापरा: तो शांत असला की तुम्ही शिकणाऱ्या कुत्र्यासकट एक पाऊल त्याच्याकडे. भुंकला की दोघंही एक पाऊल मागे. परत शांत, परत पुढे. आपल्या तोंडाला खीळ घातली की हवी ती गोष्ट जवळ येते, हे कुत्र्यांना लवकर कळतं. अंतर ५-६ मीटरपासून सुरू करा. शिकणाऱ्याला या येरझाऱ्यांत सोबत चालल्याबद्दल खाऊ द्या, त्याचा वेळ वाया जायला नको.

दोन मिनिटांत तीनदा भुंकला तर आजचं अंतर चुकलं आहे. दुप्पट करा किंवा काम सोपं करा. काम सोपं म्हणजे शिकणाऱ्याची हालचाल कमी. 'बस' आणि 'आडवा हो' याने थांबणारा सगळ्यात कमी पेटतो, सोबत चालण्याने थोडा जास्त, धावत बोलावण्याने बराच, आणि चेंडू आणणं किंवा दोरी ओढणं सगळ्यात शेवटी. बॉर्डर कॉलीसारख्या गुरं-मेंढ्या राखणाऱ्या जातींना हलणारी गोष्टच ओरडायला लावते, त्यांच्यासाठी ही चढण आणखी सावकाश घ्या.

शक्य असेल तर मदतीला आणखी एक माणूस घ्या. तो बोलणार नाही, फक्त चटईवर दाणे ठेवेल. माणूस नसेल तर रिमोटवर दाणा टाकणारं यंत्र चटईच्या टोकाशी ठेवता येतं, पण यंत्राचा आवाज आधी ओळखीचा करून घ्या.

* * *

भुंकणं थांबवणारे विजेचे किंवा फवाऱ्याचे पट्टे सुचवले जातात, म्हणून लिहिते. नकोत. झटका बसतो तेव्हा थांबणाऱ्याची नजर दुसऱ्या कुत्र्यावर असते. दुखणं कुणामुळे झालं, याचा हिशेब तो त्या दुसऱ्या कुत्र्याच्याच नावावर मांडू शकतो. आज भुंकणारा कुत्रा उद्या न भुंकता चावला, तर घरातली शांतता कायमची गेली. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या पशुवैद्यांच्या संघटनेच्या २०२१ च्या भूमिकेतही सर्व प्रशिक्षण बक्षिसावर आधारित असावं असंच म्हटलं आहे.

* * *

शिकणाऱ्याची बाजूही बघा. मागे कुणी सलग ओरडत असताना भित्रा कुत्रा 'शिकत नाही', कारण त्याचं सगळं लक्ष पाठीकडे असतं. ओठ चाटणं, जांभई, मान वळवणं, खाऊ हातातून ओरबाडून घेणं दिसलं की सत्र थांबवा. उभं राहताना त्रिकोण करा: दोघंही तुमच्या नजरेच्या टप्प्यात आणि शिकणाऱ्याचं तोंड तुमच्याकडे. थांबणारा तुमच्या पाठीमागे असला तर तोंड मिटल्याची खूण तुम्हाला दिसणारच नाही.

* * *

सुरू करण्यापूर्वीची तयारी, थोडक्यात. दोघांचीही शी-शू झालेली असावी. उतावळ्याला आधी १५-२० मिनिटं सैल पट्ट्यावर हुंगत फिरवा. चेंडू फेकून दमवायला जाऊ नका. शरीर दमतं, पण डोकं तापलेलं राहतं आणि तसाच तो चटईवर येतो. पाच महिन्यांच्या आतल्या पिल्लाकडून मिनिटभर थांबण्याची अपेक्षा पुरे.

आणि वहीत दोनच आकडे लिहा: पहिलं भुंकणं किती सेकंदांनी आलं, आणि सत्रात एकूण किती वेळा. पहिला आकडा वाढत असेल तर दुसरा तितकासा कमी झाला नसला तरी पद्धत बदलू नका. सलग तीन सत्रांत पहिला आकडा घटला, तर परत एकट्या चटईवर या.